आंबट पाण्यातून उगवलेला दगड

इगतपुरीत पावसाळ्यात बांधकाम काढायचं म्हटलं की गवंड्याच्या कपाळाला आठ्या पडतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे गाव. जून लागला की घाटातलं धुकं वर चढतं आणि थेट घरात शिरतं. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर रचा, वर ताडपत्री घाला, चारी बाजूंनी दगड ठेवा, तरी ओल आत जातेच. काही आठवड्यांनी गोणी उघडली की आत पावडरीच्या जागी खडे! "गोणी लागली," असं म्हणत गवंडीकाका ती बाजूला सारतात.

असं का होतं? आपल्या नेहमीच्या सिमेंटला घट्ट व्हायला फक्त पाणी लागतं. ते बादलीतून आलं काय किंवा हवेतून आलं काय, त्याला फरक पडत नाही. हे सिमेंट चुनखडी आणि चिकणमाती साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजून करतात. जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्लंडमधल्या गवंड्यानं १८२४ साली त्याचं पेटंट घेतलं. या सिमेंटला बलवान करणारी गोष्ट म्हणजे पाणी, आणि तेही सावकाश. म्हणून तर स्लॅब टाकल्यावर त्यावर मातीचे किंवा सिमेंटचे बांध घालून दिवसचे दिवस पाणी साठवतात. या सिमेंटची ताकद पूर्ण आली की नाही हे तपासायचं असेल, तर इंजिनिअर २८ दिवस थांबतात.

आता जरा कसारा घाटाचा विचार करा. १८६५ साली कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत रेल्वे चढली. सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, असा तो चढ. म्हणूनच आजही वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. शेजारून महामार्ग जातो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यावर जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. अशा वाटेवर पुलाचा एक तुकडा उखडला, तर वाहतूक २८ दिवस कोण थांबवणार? दोन तास थांबली तरी रांग कुठल्या कुठं जाते!

अशा घाईच्या कामासाठी जगात एक वेगळंच सिमेंट आहे. पाणी घालून कालवल्यावर काही मिनिटांत ते आळायला लागतं आणि तासाभरात इतकं टणक होतं, की अमेरिकेत महामार्गांवरचे आणि विमानतळाच्या धावपट्ट्यांवरचे खड्डे त्यानं बुजवून लगेच वाहतूक सोडतात. त्याचं नाव फॉस्फेट सिमेंट. त्याच्या पोटात काय चालतं, ते पाहायला मला फार आवडतं. कारण तुमच्या शाळेच्या पुस्तकातली एक अगदी ओळखीची अभिक्रिया तिथं दडून बसली आहे.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की क्षार आणि पाणी तयार होतं. हे उदासिनीकरण तुम्ही प्रयोगशाळेत लिटमस कागद घेऊन पाहिलं असेल. चंचुपात्रात एक थेंब, दोन थेंब टाकत गेलं की रंग बदलतो आणि सर म्हणतात, "झालं." पण पात्रात दिसतं काय? नुसतं पाणी! क्षार तयार झालेला असतो, पण तो पाण्यात विरघळून गेलेला असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

समजा, तयार होणारा क्षार पाण्यात विरघळायलाच तयार नसेल, तर? तर तो पात्रातच घट्ट होऊन बसेल. फॉस्फेट सिमेंटचं सगळं गुपित एवढंच आहे.

यातलं आम्ल कुठून आणायचं? त्यासाठी लांब जायला नको. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, तो लगेच सांगेल, "शून्य-बावन्न-चौतीस." घोटीच्या बाजारात खतांच्या दुकानातही ही पिशवी सापडेल. हे पाण्यात पूर्ण विरघळणारं पांढरंशुभ्र खत ठिबकमधून सोडतात किंवा वेलींवर फवारतात. त्याचं रासायनिक नाव पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट. ते पाण्यात टाकलं की पाणी आम्लधर्मी होतं, निळा लिटमस त्यात लाल होतो. (चाखून पाहायचं नाही, लिटमस आहे ना!) जे खत बागेत द्राक्षाला स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) आणि पालाश (म्हणजे पोटॅशिअम) पुरवतं, त्याच रसायनातून सिमेंटही तयार होतं. दुकानातलं दुसरं खत, बारा-एकसष्ट-शून्य, हेही या कामाला चालतं. ते अमोनिअमचं फॉस्फेट आहे. जुन्या पद्धतीचं फॉस्फेट सिमेंट त्यापासूनच करत. पण ते कालवताना अमोनियाचा उग्र वास नाकात जातो, बंद जागेत काम करणं नको होतं. म्हणून पुढं पोटॅशिअमवाल्याला पसंती मिळाली.

आता आम्लारी. ते आहे मॅग्नेशिअम ऑक्साइड. आजोबांना अ‍ॅसिडिटी झाली की जे पांढरं दाट औषध देतात, त्यातल्या मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचं हे सख्खं भावंड. आपल्या देशात तमिळनाडूतल्या सेलमजवळ मॅग्नेसाइट नावाच्या पांढऱ्या दगडाच्या खाणी आहेत. तो दगड भाजला की मॅग्नेशिअम ऑक्साइड मिळतं.

इथं एक अडचण येते. साधं भाजलेलं मॅग्नेशिअम ऑक्साइड भारी उतावळं असतं. आम्लाचं पाणी दिसलं की तुटून पडतं. माल कालवून होईपर्यंत घमेल्यातच दगड! थापीसुद्धा त्यात अडकायची. म्हणून ते दीड हजार अंशांच्या आसपास पुन्हा कडक भाजतात. त्या उष्णतेत त्याचे कण आवळून घट्ट होतात, त्यांच्यातली भोकं बुजतात आणि मग ते पाण्यात अगदी बेताबेतानं उतरतात. (असलं कडक भाजलेलं मॅग्नेशिअम ऑक्साइड पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या विटांतही असतं. त्याला आगीची भीतीच नाही.) एवढं करूनही वेळ कमी पडला, तर आणखी एक युक्ती आहे. त्यात चिमूटभर बोरिक आम्ल मिसळायचं. कॅरम खेळताना सोंगट्या सरकाव्यात म्हणून तुम्ही जी बोरिक पावडर टाकता ना, तीच! ती मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या कणांवर पातळ आवरण धरते, काही वेळ आम्लाला आत येऊ देत नाही आणि गवंड्याला काम उरकायला उसंत मिळते.

मॅग्नेशिअमच का, असं तुम्ही विचाराल. आपला भाजलेला चुना का नको? तो तर कुठंही मिळतो. चुना आम्लात फार झपाट्यानं विरघळतो, खदखदतो, वाफाळतो आणि जे उरतं ते भुसभुशीत. उलट अ‍ॅल्युमिनिअमचं ऑक्साइड घेतलं तर ते ढिम्म हलत नाही, त्याला शंभर अंशांच्या वर तापवून जागं करावं लागतं. मॅग्नेशिअमचं आणि जस्ताचं ऑक्साइड मात्र मधोमध बसतात. फार घाई नाही, फार आळस नाही. आम्ल लवकर विरघळावं, आम्लारी सावकाश विरघळावं आणि क्षार विरघळूच नये, हा मेळ जमला की दगड जमला.

चला, आता भांड्यात डोकावू. दोन्ही पावडरी मिसळल्या, पाणी ओतलं, ढवळायला घेतलं. सुरुवातीला पातळ खिरीसारखा माल. हळूहळू भांडं कोमट लागायला लागतं, मग चांगलंच गरम. बाहेर विस्तव नाही, चूल नाही, ही सगळी ऊब आम्ल आणि आम्लारी भेटल्याची. याच उबेमुळं हे सिमेंट कडाक्याच्या थंडीतही आळतं. माल दाट होतो, चकाकी जाते आणि बघता बघता चमचा उभा राहतो. पाण्यात उतरलेलं मॅग्नेशिअम, पोटॅशिअम आणि फॉस्फेट एकमेकांना धरतात, सोबत पाण्याचे सहा-सहा रेणू पकडतात आणि त्यांचे बारीक बारीक स्फटिक सगळीकडं वाढू लागतात. आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवा आणि ओढून पाहा. सुटत नाहीत ना? ते स्फटिक असेच एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून हा दगड सहजासहजी फुटत नाही.

वजनाचा हिशेब करून पाहा, मजा येईल. ४० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड, १३६ ग्रॅम ते पोटॅशिअमचं फॉस्फेट आणि ९० ग्रॅम पाणी. मिळून २६६ ग्रॅम स्फटिक. त्यात सहा रेणू पाण्याचे, म्हणजे १०८ ग्रॅम. ओतलं ९० आणि सापडलं १०८? जास्तीचे १८ ग्रॅम कुठून आले? उदासिनीकरणात क्षाराबरोबर पाणी तयार होतं, हे विसरलात काय! भागाकार केलात तर कळेल, की या शुद्ध स्फटिकाच्या वजनात चाळीस टक्के पाणीच आहे. हाताला मात्र तो खणखणीत कोरडा लागतो. आगीत सापडला तर हेच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातं आणि पलीकडची वस्तू बराच वेळ वाचते.

इगतपुरीतल्या मुलांना पाणी दडवलेले दगड काही नवे नाहीत. तुमच्या पायाखालचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांना नावं दिली, त्यातल्या एका थराला तर थेट इगतपुरीचंच नाव आहे! खडीसाठी फोडलेल्या या दगडात कधीकधी पोकळी दिसते आणि आत पांढऱ्या सुया किंवा मोत्यासारखी चमकणारी पानं. ते झिओलाइट. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून हे स्फटिक वाढले आणि त्यांच्याही रचनेत पाण्याचे रेणू बसलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे अप्रतिम नमुने आहेत, आईबाबांच्या मागे लागा आणि एकदा बघून याच. पाण्यातून दगड उगवतो, हे तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

फॉस्फेट सिमेंटची सर्वांत जुनी ओळख मात्र रस्त्यावरची नाही, ती तोंडातली आहे. दाढेवर टोपी बसवायची असते तेव्हा डॉक्टर ती कशानं चिकटवतात? शंभर वर्षांहून जास्त काळ हे काम झिंक फॉस्फेट सिमेंट करत आलं आहे. जस्ताच्या ऑक्साइडची पावडर, त्यात थोडं मॅग्नेशिअम ऑक्साइड आणि सोबत फॉस्फोरिक आम्लाचा द्रव. डॉक्टर एक जाड काचेची पट्टी घेतात, ती आधी गार करून ठेवलेली असते. तिच्यावर द्रवाचे थेंब, शेजारी पावडरीचा छोटा ढीग. सगळी पावडर एकदम ओतायची नाही, चिमूट चिमूट ओढून घ्यायची आणि पात्यानं पसरून, अख्ख्या काचेवर फिरवत घोटायची. का? अभिक्रियेतून निघणारी उष्णता गार काचेनं शोषून घ्यावी म्हणून. माल तापला तर तो दाढेपर्यंत पोचायच्या आतच आळेल. शेवटी पातं वर उचललं की सिमेंटची बारीक तार येते आणि मग क्षणाचाही वेळ न घालवता टोपी बसवतात. आता नव्या प्रकारची सिमेंटं आली आहेत, पण हे जुनं सिमेंट दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात.

आणि खुद्द दात कशाचा बनला आहे? तोही फॉस्फेटचाच! कॅल्शिअम फॉस्फेटचा एक प्रकार, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, आपल्या दातांत आणि हाडांत भरलेला असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. हे लक्षात घेऊन अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ या दोन शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॅल्शिअम फॉस्फेटच्या दोन पावडरी पाण्यात कालवून पाहिल्या. शरीराच्या साध्या तापमानाला त्या घट्ट झाल्या आणि जे तयार झालं ते हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, म्हणजे हाडातलाच पदार्थ. त्यातून हाडांचं सिमेंट निघालं. कवटीच्या हाडात पडलेलं भोक शल्यचिकित्सक अशा लगद्यानं भरतात. मला विचाराल तर माणसानं बनवलेल्या सगळ्या सिमेंटांत हे सर्वांत थोर.

फॉस्फरस पहिल्यांदा सापडला तो कशात, माहीत आहे? १६६९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेन्निंग ब्रांट नावाचा किमयागार सोनं शोधत होता. त्यानं बादल्याच्या बादल्या लघवी साठवली, आटवली, तापवली. सोनं मिळालं नाही, पण अंधारात हिरवट उजेड देणारा पदार्थ हाती लागला. पुढं १८४५ मध्ये त्याच हॅम्बुर्गमध्ये जुन्या शेणखताच्या थरात एक खनिज सापडलं, स्ट्रुवाइट. ते मॅग्नेशिअम आणि अमोनिअमचं फॉस्फेट, त्यातही पाण्याचे सहा रेणू. अमोनियाच्या वासाचं ते जुनं सिमेंट आळलं की हेच स्ट्रुवाइट बनतं. काही जणांना होणारे मुतखडेही याचेच असतात. दगड बनवायची ही रीत निसर्गाकडं आधीपासून होती.

आता एका वाघाची गोष्ट. हे आडनाव तुमच्या वर्गातही कुणाचं तरी असेल. डॉ. अरुण वाघ हे भारतातून गेलेले शास्त्रज्ञ अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करत होते. १९९० च्या दशकात तिथं एक मोठा प्रश्न होता. अणुसंशोधनातून उरलेला किरणोत्सारी आणि विषारी कचरा कशात बंद करायचा? एक रीत काचेची. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला असा कचरा वितळलेल्या काचेत मिसळून बंदिस्त करतात. पण काच वितळवायला प्रचंड उष्णता लागते आणि काही प्रकारचा कचरा तापवला की त्यातले घातक पदार्थ वाफ होऊन उडतात. वाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कचरा मॅग्नेशिअम ऑक्साइड आणि पोटॅशिअम फॉस्फेटबरोबर साध्या खोलीच्या तापमानाला कालवला. दगड तयार! शिवाय शिशासारखे विषारी धातू फॉस्फेटला भेटले की त्यांचेही न विरघळणारे क्षार होतात. म्हणजे विष नुसतं कोंडलं जात नाही, त्याचं रूपच बदलतं. या पदार्थाला त्यांनी सेरॅमिक्रीट नाव दिलं. फॉस्फेटच्या अशा दगडांवर वाघांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ २००४ साली आला, २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. जगभरातले या विषयाचे अभ्यासक तो उघडून बसतात.

त्याच कामातून घरबांधणीसाठी फवारायचं सिमेंटही निघालं. फोमच्या हलक्या सांगाड्यावर ते मारलं की भिंत तयार. गोरगरिबांना झटपट पक्कं घर मिळावं, हा त्यामागचा विचार. या सिमेंटात कोळशाची राखही खपते, आणि तिनं ताकद वाढते. राख तर नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघतेच. लाकडाचा भुसा, भाताचं तूस असल्या गोष्टी नेहमीच्या सिमेंटला सोसत नाहीत, त्यातलं तीव्र आम्लारी त्यांना खातं. फॉस्फेट सिमेंट त्या मानानं सौम्य, ते भुसाही धरून ठेवतं. घोटीच्या भातगिरण्यांमागचे तुसाचे डोंगर पाहिले की वाटतं, यातून हलके, न जळणारे तक्ते का करू नयेत?

मग सगळी घरं याचीच का बांधत नाहीत? एक तर ते महाग पडतं. फॉस्फेटचा दगड आपल्याकडं राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो, पण देशाला पुरत नाही, बराच बाहेरून आणावा लागतो. आणि जो आहे त्यावर पहिला हक्क पिकांचा, हे मी ठामपणे म्हणेन. दुसरं कारण इगतपुरीकरांना चटकन पटेल. मॅग्नेशिअमचं हे फॉस्फेट सिमेंट महिनोन् महिने पाण्यात बुडून राहिलं तर हळूहळू कमजोर होतं, विशेषतः कालवताना पाणी जास्त पडलं असेल किंवा फॉस्फेट शिल्लक राहिलं असेल तर. तेव्हा धरणाच्या भिंतीला ते नको. घाटातला खड्डा तासाभरात बुजवायला ते हवं.

एक सांगून ठेवतो, फॉस्फोरिक आम्ल आणि खतं घेऊन घरी प्रयोग करायचा नाही, माल भाजण्याइतका गरम होतो. त्याऐवजी दुसरं काम करा. घरी, शेजारी किंवा मामाच्या गावी खताच्या ज्या पिशव्या असतील त्यांवरचे तीन आकडे वहीत उतरवा. पहिला आकडा नत्राचा, मधला स्फुरदाचा, शेवटचा पालाशाचा. मधला आकडा सर्वांत मोठा असलेली पिशवी कोणती, ती कोणत्या पिकाला आणि कधी घालतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला पत्रानं कळवा.